थिओडोर सेज्विक: वकील, लोकप्रतिनिधी आणि सभापती — वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या स्थापनेचा विषय निघाला की वॉशिंग्टन, जेफरसन, हॅमिल्टन ही नावे आपसूक पुढे येतात. त्यांच्या मागच्या रांगेत गावोगावच्या वकिलांची एक पिढी उभी होती. नव्या राज्यघटनेचे शब्द प्रत्यक्ष कोर्टात आणि कायदेमंडळात वापरून पाहण्याचे काम या पिढीने केले. मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम टोकाला असलेल्या बर्कशायर परगण्यातले थिओडोर सेज्विक (१७४६–१८१३) हे त्यांपैकी एक. एका गुलाम स्त्रीच्या मुक्ततेचा खटला त्यांनी लढवला आणि पुढे ते प्रतिनिधिगृहाचे सभापती झाले. कायद्याचे विद्यार्थी आणि इतिहासाचे वाचक त्यांच्याविषयी जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

सेज्विक यांची कारकीर्द थोडक्यात सांगता येईल का?

त्यांचा जन्म ९ मे १७४६ रोजी कनेक्टिकटमधील वेस्ट हार्टफर्ड येथे झाला. १७६६ मध्ये त्यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये वकिली सुरू केली. १७८० पासून ते राज्याच्या कायदेमंडळात होते आणि १७८५ पासून कॉन्टिनेन्टल काँग्रेसमध्येही, म्हणजे संघराज्याच्या घटनेपूर्वीच्या राज्यांच्या मध्यवर्ती सभेत, बसले. १७८९ ते १७९६ प्रतिनिधिगृह, १७९६ ते १७९९ सिनेट आणि १७९९ ते १८०१ पुन्हा प्रतिनिधिगृह, या वेळी सभापती म्हणून, असा त्यांचा पुढचा प्रवास आहे. १८०२ पासून २४ जानेवारी १८१३ रोजी बॉस्टनमध्ये मृत्यू येईपर्यंत ते मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होते.

ते वकिलीकडे कसे वळले? त्या काळी वकील होण्याची रीत काय होती?

वडील लवकर गेल्यामुळे घराची जबाबदारी थोरल्या भावावर, जॉनवर, पडली आणि थिओडोर यांचे शिक्षण त्याच्या आधाराने झाले. येल कॉलेजातून त्यांना पदवी न घेताच बाहेर पडावे लागले. ती पदवी कॉलेजने त्यांना पुढे १७७२ मध्ये दिली. काही काळ धर्मशास्त्र शिकून ते पाद्री होण्याच्या वाटेवर होते, पण ती वाट सोडून ते ग्रेट बॅरिंग्टन येथील मार्क हॉपकिन्स या वकिलांच्या कचेरीत दाखल झाले.

कायद्याची महाविद्यालये तेव्हा तिकडे नव्हती. एखाद्या जाणत्या वकिलाच्या हाताखाली बसायचे, त्याचे अर्ज आणि दस्त स्वच्छ अक्षरात उतरवून काढायचे, त्याच्या कपाटातली इंग्लिश कायद्याची पुस्तके वाचायची आणि त्याच्याबरोबर कोर्टात जाऊन कामकाज पाहायचे, अशा रीतीने उमेदवारी केल्यावर सनद मिळे. सेज्विक यांना ती विशीच्या उंबरठ्यावर मिळाली. त्यांनी आधी ग्रेट बॅरिंग्टन आणि नंतर शेफील्ड येथे वकिली केली. बर्कशायरमधले दावे बहुतेक जमिनीच्या हद्दीचे, वारसाहक्काचे आणि कर्जवसुलीचे असत. मालमत्तेचे कागद आणि त्यांवरचे हक्क हेच सेज्विक यांचे रोजचे काम होते, आणि त्यांची पुढची राजकीय मते समजून घेताना ही गोष्ट सतत जवळ ठेवावी लागते.

वकील असताना ते राजकारणात कसे आले?

जानेवारी १७७३ मध्ये शेफील्डच्या गावसभेने ब्रिटिश पार्लमेंटच्या धोरणाविरुद्ध ठराव संमत केले. ते तयार करणाऱ्या समितीत सेज्विक होते आणि लेखणी त्यांचीच होती असे मानले जाते. निसर्गतः सर्व माणसे समान, स्वतंत्र आणि एकमेकांपासून मुक्त आहेत आणि आपले जीवित, स्वातंत्र्य व मालमत्ता निर्वेधपणे उपभोगण्याचा त्यांना हक्क आहे, असे त्या ठरावांत म्हटले होते. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या तीन वर्षे आधीचे हे शब्द आहेत.

समितीचे काम चालले ते कर्नल जॉन ॲशली यांच्या घरी. ॲशली हे त्या भागातले सर्वांत वजनदार जमीनदार आणि दिवाणी न्यायालयाचे न्यायाधीश. त्यांच्या घरात गुलाम राबत होते, आणि बेट नावाची स्त्री त्यांच्यापैकीच एक होती. वरच्या मजल्यावर माणसांच्या समानतेचा मसुदा लिहिला जात होता आणि खालच्या स्वयंपाकघरात ज्यांना स्वतःच्या देहावरही हक्क नव्हता अशी माणसे काम करत होती, ही गोष्ट मनातून जात नाही.

युद्ध सुरू झाल्यावर सेज्विक यांनी १७७६ च्या कॅनडा मोहिमेत जनरल जॉन थॉमस यांचे लष्करी चिटणीस म्हणून काम केले. ब्रिटनशी काडीमोड घ्यायला ते आधी फारसे उत्सुक नव्हते, पण एकदा निर्णय झाल्यावर मागे फिरले नाहीत. राज्याच्या कायदेमंडळात ते १७८० मध्ये प्रथम निवडून आले.

ब्रॉम आणि बेट विरुद्ध ॲशली हा खटला नेमका काय होता?

सेज्विक यांच्या सगळ्या आयुष्यातली सर्वांत मोलाची गोष्ट कोणती, असे विचारले तर सभापतिपद बाजूला ठेवून मी याच खटल्याचे नाव घेईन. तो उभा राहिला त्याचे पहिले श्रेय मात्र अशिलाचे आहे.

घटना अशी सांगितली जाते. ॲशली यांच्या पत्नी हॅना यांनी चुलीतले तापलेले फावडे उचलून लिझी नावाच्या मुलीवर उगारले. कोणी तिला बेट यांची बहीण म्हणतात, कोणी मुलगी. बेट मध्ये पडल्या आणि तो घाव त्यांनी स्वतःच्या दंडावर घेतला. हाताचे ते व्यंग आयुष्यभर राहिले. पुढे त्यांनी तो दंड कधी झाकला नाही, मालकीणबाईंच्या देखत कोणी "हाताला काय झाले?" असे विचारले, की "बाईंनाच विचारा" एवढेच त्या म्हणत.

मॅसॅच्युसेट्सची राज्यघटना १७८० मध्ये अमलात आली होती. तिच्या पहिल्याच कलमात म्हटले होते की सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत व त्यांना काही नैसर्गिक, मूलभूत आणि अहरणीय हक्क आहेत. बेट यांना लिहिता-वाचता येत नव्हते. हे शब्द त्यांनी ऐकले होते, मालकांच्या टेबलाभोवती वाढताना किंवा गावात जाहीर वाचन होताना. हे कसे कळले असे पुढे त्यांना विचारल्यावर, गप्प राहून आणि लक्ष देऊन, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिल्याचे नमूद आहे. आपण मुके जनावर नाही, मग हा कायदा आपल्याला स्वातंत्र्य देणार नाही का, असा सरळ प्रश्न घेऊन त्या शेफील्डमध्ये सेज्विक यांच्याकडे गेल्या. सेज्विक यांनी वकीलपत्र घेतले. ॲशली यांच्याकडचा ब्रॉम नावाचा गुलाम पुरुषही वादी म्हणून जोडला गेला आणि कनेक्टिकटमधील लिचफील्डचे टॅपिंग रीव्ह हे सहकारी वकील म्हणून आले. पुढे कायद्याच्या शिक्षणासाठी नावाजलेली लिचफील्डची शाळा काढणारे ते हेच.

ऑगस्ट १७८१ मध्ये ग्रेट बॅरिंग्टनच्या दिवाणी न्यायालयात ज्युरीपुढे सुनावणी झाली. दोघेही आपले आजन्म नोकर आहेत, असा ॲशली यांचा बचाव होता. ज्युरीने तो अमान्य केला. दावा दाखल झाला तेव्हा ब्रॉम आणि बेट हे ॲशली यांचे आजन्म नोकर नव्हते असे ठरले आणि तीस शिलिंग नुकसानभरपाई व कोर्टखर्च ॲशली यांच्यावर बसवण्यात आला. ॲशली यांनी अपील केले, पण त्याच शरद ऋतूत ते सोडून दिले आणि निकाल कायम राहिला.

मुक्ततेसाठी 'रिप्लेविन'चा दावा का लावला? तो तर मालमत्तेसाठी असतो.

कायद्याचे विद्यार्थी हा प्रश्न हमखास विचारतात, आणि तो रास्त आहे. रिप्लेविन म्हणजे कोणी बेकायदा अडवून ठेवलेली वस्तू परत मिळवण्याचा हुकूम. शेजाऱ्याने आपली गाय कोंडून ठेवली तर ती सोडवण्यासाठी जो उपाय, तोच येथे वापरला गेला. शेरीफने ॲशली यांच्याकडे जाऊन ब्रॉम आणि बेट यांना सोडा असे सांगायचे; ॲशली यांनी नकार दिला की ते कोणत्या हक्काने त्यांना ठेवून घेत आहेत, हे त्यांनाच कोर्टात सिद्ध करावे लागणार. झालेही तसेच. नकारामुळे ॲशली प्रतिवादी म्हणून उभे राहिले आणि मालकीचा प्रश्न थेट ज्युरीपुढे आला.

मारहाणीबद्दल दावा लावला असता तर निकाल मारहाणीपुरताच लागला असता, कारण मालकाने गुलामाला किती मारावे यावर वाद झाला तरी मालकी शाबूत राहते. सेज्विक यांनी घावाला हात न लावता मालकीलाच हात घातला. या निवडीत त्यांचे वकिली कसब दिसते.

सेज्विक यांनी युक्तिवाद काय केला?

१७९० च्या दशकात अमेरिकेत फिरणारे फ्रेंच सरदार ला रोशफुको-लियांकूर यांनी तो आपल्या प्रवासवर्णनात नोंदवून ठेवला आहे. त्याचे दोन पदर होते. पहिला असा, की मॅसॅच्युसेट्समध्ये गुलामगिरी स्थापन करणारा कायदा आधी कधी झालेलाच नाही. ज्या कायद्यांत ती गृहीत धरलेली दिसते ते चुकीच्या समजुतीतून जन्मलेले आहेत. दुसरा असा, की तसे कायदे होते असे मानले तरी नव्या राज्यघटनेने ते रद्द झाले आहेत.

युक्तिवादाची ही मांडणी प्रत्येक वकिलाच्या ओळखीची आहे: आधी मूळच नाकारायचे, आणि मूळ मान्य करावे लागलेच तर ते आता उरले नाही असे म्हणायचे. त्यात करुणेचे आवाहन नाही आणि गुलामगिरीच्या क्रौर्याचे वर्णन नाही. ज्युरीतले शेतकरी ॲशली यांना ओळखत होते, त्यांतल्या कित्येकांचे त्यांच्याशी व्यवहार असणार. अशा माणसांना 'तुमचा शेजारी दुष्ट आहे' असे सांगण्यापेक्षा 'तुम्ही गेल्याच वर्षी स्वीकारलेल्या घटनेत असे लिहिले आहे' असे सांगणे जास्त परिणामकारक ठरले.

या खटल्याने मॅसॅच्युसेट्समधली गुलामगिरी संपली का?

एकट्या या खटल्याने नाही. हा एका परगण्याच्या न्यायालयातला निकाल होता आणि वरिष्ठ न्यायालयात अपिलावर निर्णय झालाच नाही. त्याच सुमारास वुस्टर परगण्यात क्वॉक वॉकर यांच्या मुक्ततेचे दावे चालू होते, आणि १७८३ मध्ये मुख्य न्यायाधीश विल्यम कुशिंग यांनी ज्युरीला उद्देशून सांगितले की राज्यघटना आणि गुलामगिरी एकत्र नांदू शकत नाहीत. गुलामगिरी रद्द करणारा वेगळा कायदा राज्याने केलाच नाही. तरीही १७९० च्या पहिल्या जनगणनेत मॅसॅच्युसेट्सच्या रकान्यात एकही गुलाम नोंदलेला नव्हता. मात्र कागदावरचा शून्य आणि घराघरांतली स्थिती यांत अंतर असू शकते. जुन्या मालकाकडेच 'नोकर' या नावाखाली राहिलेली माणसे तेव्हा होती.

सेज्विक स्वतः गुलाम बाळगत होते का?

१ जुलै १७७७ चे एक खरेदीखत उपलब्ध आहे. त्यानुसार जॉन फेलोज यांच्याकडून टॉन नावाची एक गुलाम व्यक्ती सेज्विक यांनी विकत घेतली. म्हणजे शेफील्डच्या समानतेच्या ठरावांनंतर साडेचार वर्षांनी आणि बेट यांच्या खटल्याआधी चार वर्षे. सेज्विक यांच्या गौरवपर चरित्रांत हा कागद बहुधा गाळला जातो. तो गाळू नये असे मला मनापासून वाटते, कारण तो वाचल्यावरच कळते की बेट ज्या दारात गेल्या ते एखाद्या निष्कलंक मुक्तिदात्याचे दार नव्हते. तिथे त्याच समाजातला, तोच व्यवहार केलेला एक वकील राहत होता, आणि त्याला बेट यांच्या प्रश्नाचे कायदेशीर बळ दिसले.

शेज यांच्या बंडाशी त्यांचा संबंध कसा आला?

युद्धानंतर राज्याने कर्ज फेडण्यासाठी जबर कर लावले आणि ते नाण्यांत मागितले. पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांकडे धान्य होते, गुरे होती, पण रोकड नव्हती. सावकारांनी दावे लावले, जमिनी लिलावात गेल्या, ऋणको तुरुंगात पडले. १७८६ मध्ये जमावांनी न्यायालये भरूच द्यायची नाहीत असे ठरवले आणि डॅनिएल शेज यांच्या नावाने ओळखले जाणारे बंड उभे राहिले. वसुलीचे दावे लढवणारे वकील त्यांच्या डोळ्यांत सलत होते, आणि सेज्विक तर सरकारची बाजू उघडपणे घेणारे वकील. तोवर ते स्टॉकब्रिजला राहायला आले होते.

फेब्रुवारी १७८७ च्या अखेरीस बंडखोरांची एक टोळी स्टॉकब्रिजमध्ये शिरली. सेज्विक घरी नव्हते. घर सांभाळत होत्या बेट. मुक्ततेनंतर त्यांनी ॲशली यांच्याकडे पगारावर परत जाण्याचे नाकारून सेज्विक कुटुंबात पगारी काम पत्करले होते आणि एलिझाबेथ फ्रीमन हे नाव घेतले होते. घरातली चांदीची भांडी त्यांनी स्वतःच्या पेटीत दडवली आणि हातात चुलीचे मोठे फावडे घेऊन त्या टोळीबरोबर खोल्याखोल्यांतून फिरल्या. माणसे त्यांच्या पेटीपाशी आली तेव्हा, एका काळ्या मोलकरणीची पेटी उचकटण्याइतके तुम्ही हलके आहात का, असे हिणवून त्यांनी त्यांना लाजवले, आणि पेटी बंदच राहिली. सेज्विक यांच्या कन्येने हा प्रसंग लिहून ठेवला आहे.

या बंडाने सेज्विक यांची मते पक्की केली. मजबूत केंद्र सरकारशिवाय मालमत्ता आणि कायद्याचे राज्य सुरक्षित नाही, असे ते ठामपणे मानू लागले. १७८८ मध्ये संघराज्याच्या घटनेवर विचार करणाऱ्या मॅसॅच्युसेट्सच्या अधिवेशनात ते घटनेच्या बाजूने उभे राहिले आणि घटना तेथे १८७ विरुद्ध १६८ अशा मतांनी संमत झाली. त्याच वर्षी ते राज्याच्या प्रतिनिधिगृहाचे सभापतीही होते.

काँग्रेसमध्ये त्यांनी काय काम केले?

पहिल्या काँग्रेससाठी त्यांना एकाहून अधिक फेऱ्यांचे मतदान ओलांडावे लागले, कारण मॅसॅच्युसेट्समध्ये निम्म्याहून अधिक मते मिळाल्याशिवाय निवड होत नसे. ते निवडून आले आणि लवकरच अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्या आर्थिक धोरणाचे खंदे समर्थक, म्हणजे फेडरलिस्ट पक्षाचे एक पुढारी, बनले.

त्यांचा जीव सर्वांत जास्त अडकला होता तो राज्यांची युद्धकर्जे केंद्राने आपल्या शिरावर घेण्याच्या प्रस्तावात. १२ एप्रिल १७९० रोजी प्रतिनिधिगृहाने तो ३१ विरुद्ध २९ मतांनी फेटाळला. पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर विल्यम मॅक्ले हे या प्रस्तावाचे कट्टर विरोधक; त्यांनी आपल्या रोजनिशीत लिहिले आहे की सेज्विक यांनी जणू अंत्यविधीचे भाषण केले, त्यांना मध्येच नियमाची आठवण करून देण्यात आली, गोंधळ झाला, ते टोपी उचलून बाहेर गेले आणि परतले तेव्हा रडल्याच्या खुणा चेहऱ्यावर दिसत होत्या. मॅक्ले यांना त्यात समाधान वाटले असावे. मला या नोंदीत वेगळे काही दिसते. बर्कशायरच्या शेतकऱ्यांना ज्या करांनी बंडाकडे ढकलले, ते कर याच राज्याच्या कर्जातून आले होते. कर्ज केंद्राकडे गेले असते तर रोखेधारक सावकारांचे भले झालेच असते, पण गावाकडचा करही हलका झाला असता. घर लुटायला माणसे आली त्याला तीनच वर्षे झाली होती.

जुलैमध्ये, राजधानी पोटोमॅक नदीकाठी नेण्याच्या तडजोडीबरोबर, प्रस्ताव संमत झाला. केंद्राने स्वीकारलेल्या २ कोटी १५ लाख डॉलरांपैकी ४० लाखांपर्यंतचा वाटा मॅसॅच्युसेट्सचा होता.

पुढे ब्रिटनशी झालेल्या, वाटाघाटी करणारे जॉन जे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 'जे' कराराच्या खर्चाची तरतूद १७९६ मध्ये ५१ विरुद्ध ४८ मतांनी संमत झाली, तेव्हाही सेज्विक करारामागे ठाम उभे होते. त्यानंतर लगेच ते सिनेटमध्ये गेले आणि १७९८ मध्ये काही महिने तेथे हंगामी अध्यक्ष होते. सरकारवरील टीकेला गुन्हा ठरवणाऱ्या त्या वर्षीच्या राजद्रोहाच्या कायद्याला त्यांचा पाठिंबा होता. हा पाठिंबा त्यांच्या कारकिर्दीवरचा डाग आहे, असेच मी म्हणेन.

पळून आलेल्या गुलामांना परत धाडण्याच्या कायद्यात त्यांचा हात होता, हे खरे का?

होय. १७९१ मध्ये या विषयावर विधेयक तयार करण्यासाठी प्रतिनिधिगृहाने तिघांची समिती नेमली. तीत मॅसॅच्युसेट्सचे सेज्विक आणि शिअरजाशब बॉर्न होते आणि व्हर्जिनियाचे अलेक्झांडर व्हाइट. त्या समितीचा मसुदा पुढे सरकला नाही. सिनेटमध्ये तयार झालेले वेगळे विधेयक फेब्रुवारी १७९३ मध्ये कायदा बनले आणि त्याने मालकाला पळालेला गुलाम दुसऱ्या राज्यात पकडून नेण्याची वाट मोकळी करून दिली.

बेट यांचा वकील या समितीत कसा बसू शकला, हे कोडे वाटते. मला त्याचे उत्तर त्यांच्या कायद्याकडे पाहण्याच्या रीतीत सापडते. मॅसॅच्युसेट्सच्या घटनेत 'सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र' असे लिहिले होते म्हणून त्यांनी बेट यांचा दावा लढवला. संघराज्याच्या घटनेत पळालेल्या गुलामाला परत सोपवावे असे कलम होते म्हणून त्याची अंमलबजावणी त्यांनी आपले कर्तव्य मानले. लिहिलेला शब्द पाळायचा, इतके त्यांच्या लेखी स्पष्ट होते. त्या शब्दाने कोणाचा हात सुटतो आणि कोणाचा बांधला जातो, हा प्रश्न त्यांनी दुसऱ्या वेळी विचारला नाही. त्यांच्याच घरात तो विचारू शकणारी व्यक्ती रोज वावरत होती, म्हणून हे जास्त खटकते.

सभापती म्हणून त्यांची कामगिरी कशी होती?

डिसेंबर १७९९ मध्ये ते सभापती झाले. त्यांच्या काळात, नोव्हेंबर १८०० मध्ये, काँग्रेस फिलाडेल्फियाहून वॉशिंग्टनला आली. सभासदांना तेव्हा दिवसाला सहा डॉलर भत्ता मिळे आणि सभापतींना बारा.

ते नियमांचे जाणकार होते, पण पक्षाच्या वर उठले नाहीत. बातमीदार सॅम्युअल हॅरिसन स्मिथ यांनी सभागृहाचे कामकाज टिपण्यासाठी आत जागा मागितली, तेव्हा समसमान मते पडली आणि सेज्विक यांनी आपले निर्णायक मत स्मिथ यांच्या विरोधात टाकले. अध्यक्ष जॉन ॲडम्स हे त्यांच्याच पक्षाचे आणि त्यांच्याच राज्याचे. पण फ्रान्सशी तह करण्यासाठी ॲडम्स यांनी राजदूत पाठवल्यावर सेज्विक त्यांच्यापासून दुरावले. कार्यकाळ संपताना सभापतींचे आभार मानण्याचा ठराव आला, तर त्यालाही विरोधी मते पडली.

१८०१ च्या अध्यक्षीय निवडीत त्यांची भूमिका काय होती?

थॉमस जेफरसन आणि ॲरन बर या उमेदवारांना प्रत्येकी ७३ मते पडल्यामुळे निवड प्रतिनिधिगृहाकडे आली. तेथे प्रत्येक राज्याला एक मत होते आणि सोळापैकी नऊ राज्ये लागत होती. ११ फेब्रुवारीला मतदान सुरू झाले आणि सेज्विक यांच्या अध्यक्षतेखाली ते छत्तीस फेऱ्या चालले. जेफरसन यांच्यापेक्षा बर कमी धोक्याचे, असे त्यांचे मत होते. बर यांच्याविरुद्ध हॅमिल्टन कळकळीची पत्रे लिहीत असतानाही ते बदलले नाही. १७ फेब्रुवारीला जेफरसन दहा राज्यांच्या मतांनी निवडून आले, तेव्हाही मॅसॅच्युसेट्सचे मत बर यांनाच होते. त्यानंतर सेज्विक यांनी निवडणुकीच्या राजकारणातून अंग काढून घेतले.

या सगळ्या काळात त्यांच्या घराची स्थिती काय होती?

बिकट होती. पहिली पत्नी एलायझा मेसन १७७१ मध्येच देवीच्या रोगाने गेल्या होत्या. दुसरी पत्नी पामेला ड्वाइट यांना दहा मुले झाली, त्यांतली सात जगली. न्यूयॉर्क किंवा फिलाडेल्फिया गाठायला कित्येक दिवस लागत आणि अधिवेशने महिनोन्महिने चालत. स्टॉकब्रिजच्या हिवाळ्यात पामेला मुलांसह एकट्या राहत. त्यांना खोल नैराश्याने ग्रासले आणि १८०७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या पत्रांतून नवऱ्याला परत येण्याची विनवणी दिसते. आपण येतो असे नवरा लिहितो, आणि पुढच्या निवडणुकीला पुन्हा उभा राहतो. अशा घरात मुलांना आई होऊन सांभाळले ते एलिझाबेथ फ्रीमन यांनी. मुले त्यांना 'ममबेट' म्हणत. कन्या कॅथरिन पुढे नावाजलेली कादंबरीकार झाली आणि फ्रीमन यांची आठवण तिने आयुष्यभर जपली.

न्यायाधीश म्हणून त्यांचे वेगळेपण काय?

१८०६ मध्ये मुख्य न्यायाधीशपद थिओफिलस पार्सन्स यांना मिळाले, याचे त्यांना दुःख झाले, तरी ते पदावर राहिले. १८१० मध्ये ग्रीनवूड विरुद्ध कर्टिस हा दावा त्यांच्यापुढे आला. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर झालेल्या, गुलामांच्या व्यापारात गुंतलेल्या एका कराराचे पैसे मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाने वसूल करून द्यावेत का, असा प्रश्न होता. बहुमताने वसुलीला मान्यता दिली. सेज्विक यांनी असहमतीचा निकाल लिहिला. कराराचे पावित्र्य जन्मभर जपलेल्या या वकिलाने, असा व्यवहार मुळातच इतका निंद्य आहे की न्यायालयाने त्याला हातभार लावू नये, अशी बाजू घेतली. १७९१ च्या समितीतला माणूस येथे निदान एक पाऊल पुढे आलेला दिसतो.

एलिझाबेथ फ्रीमन यांचे पुढे काय झाले?

त्यांनी सुईण आणि शुश्रूषा करणारी म्हणून परिसरात मोठे नाव मिळवले आणि साठवलेल्या पैशांतून स्टॉकब्रिजमध्ये स्वतःचे घर घेतले. १८११ मध्ये सेज्विक यांच्या सुनेने, सुझन रिडली सेज्विक यांनी, हस्तिदंतावर जलरंगात त्यांचे छोटे चित्र काढले. निळा पोशाख, पांढरी टोपी, गळ्यात सोन्याच्या मण्यांची माळ आणि समोर रोखलेली नजर असे ते चित्र आज बॉस्टनमध्ये मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीकडे आहे. २८ डिसेंबर १८२९ रोजी त्यांचे निधन झाले.

स्टॉकब्रिजच्या दफनभूमीत सेज्विक कुटुंबाच्या कबरी वर्तुळात मांडलेल्या आहेत, मध्ये थिओडोर आणि भोवती पिढ्यान्‌पिढ्यांचे वंशज. त्या वर्तुळातच फ्रीमन यांना जागा दिली गेली. त्या जन्माने गुलाम होत्या आणि जवळपास तीस वर्षे गुलाम राहिल्या, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, तरी आपल्या क्षेत्रात त्यांच्यापेक्षा वरचढ किंवा त्यांच्या तोडीचे कोणी नव्हते, असे त्यांच्या शिळेवर कोरले आहे.

या दोघांविषयी जे सांगितले जाते ते कोठून येते?

सेज्विक यांच्याविषयी भरपूर कागद आहेत: पत्रे, काँग्रेसचे इतिवृत्त, निकाल, विरोधकांच्या रोजनिश्या. फ्रीमन यांच्याविषयी बहुतेक माहिती सेज्विक यांच्या मुलांकडून येते. थिओडोर याच नावाच्या मुलाने १८३१ मध्ये स्टॉकब्रिज येथे गुलामगिरीविरोधी व्याख्यानात त्यांची हकीकत सांगितली आणि कॅथरिनने १८५३ मध्ये ती सविस्तर लिहिली. गुलाम असताना कोणत्याही क्षणी एका मिनिटाचे स्वातंत्र्य देऊ केले असते आणि मिनिट संपताच मरावे लागेल असे सांगितले असते, तरी देवाच्या भूमीवर एक मिनिट स्वतंत्र स्त्री म्हणून उभे राहण्यासाठी ते आपण घेतले असते, हे फ्रीमन यांचे प्रसिद्ध उद्गार कॅथरिनच्या लेखणीतून आपल्यापर्यंत पोचले आहेत. ऐकणारीने कित्येक वर्षांनी उतरवलेले ते शब्द आहेत, हे वाचताना लक्षात असावे.

न्यायालयाच्या १७८१ च्या दप्तरात त्यांचे एकही वाक्य नाही. तेथे ॲशली यांच्या नावापुढे 'एस्क्वायर' ही मानाची पदवी आहे आणि प्रत्येक वकिलाला त्याचे पूर्ण नाव आहे. त्यांची नोंद मात्र आडनावाशिवाय, शेफील्डची एक काळी स्त्री, 'बेट', एवढीच आहे. फ्रीमन हे आडनाव त्यांनी त्या निकालानंतर स्वतः घेतले.